कमरेला सुपारी

आमच्या विट्याकडच्या गावांत बायकांना नवरा काय करतो असं विचारलं, तर त्या शहराचं नाव सांगतात. ‘आमचे कोइमतूरला’, ‘आमचे कानपूरला’, ‘आमचे लय लांब, आसामात’. काम काय ते सांगायची गरजच नसते, कारण सगळेच गलाई करतात. गलाई म्हणजे जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि सराफाला चोख सोनं परत द्यायचं. पुरुष तिकडे भट्टीपुढे आणि बायका इकडे सासू, म्हैस आणि पोरांचा अभ्यास यांच्यापुढे. दिवाळीला आणि चैत्रातल्या जत्रेला गाव भरतं. एरवी गावात पुरुषाचा दणदणीत आवाज ऐकायचा, तर तो ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरच.

मी फलटणकडची. भाऊ फौजेत, वडील साखर कारखान्यात. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं, सोन्यातला नवरा मिळाला. सोनं सराफाचं असतं आणि नवऱ्याच्या वाट्याला फक्त धूर येतो, हे मला लग्नानंतर कळलं. पण नवरा चांगला होता. मवाळ बोलायचा, आईला जपायचा, आमच्या लेकीसाठी तर जीव टाकायचा. ते कोइमतूरला असताना मला नुसतं बसून राहवेना, म्हणून मी पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. हळूहळू सगळ्या गावाचे ब्लाऊज माझ्याकडे यायला लागले. तोंडाची मी फटकळ आहे, पण हाताला सफाई आहे, म्हणून बायका माझं तोंड सहन करतात.

आता साडीचं सांगते.

गलाईवाल्यांमध्ये एक रीत आहे. गावाकडे कुणी निघालं, की तिथल्या आपल्या माणसांच्या प्रत्येक दुकानातून एकेक पिशवी त्याच्या गळ्यात पडते. केळ्याचे वेफर्स, पोरांचे कपडे, कुणाची औषधं. त्यानं गावात आल्यावर आंघोळ करायच्या आधी घरोघर ती पोचवायची. त्या वर्षी जत्रेच्या थोडं आधी भावकीतले एक काका लग्नासाठी आले आणि आमची पिशवी देऊन गेले. आत साडी होती. आमसुली रंगाची, बारीक जरीकाठाची, आणि सोबत चक्क शिवलेला ब्लाऊज.

सासूबाई, म्हणजे मी त्यांना आत्याबाई म्हणते, हसून म्हणाल्या, ‘‘शिवणारनीला शिवल्यालं धाडलंय. शाना झाला माझा ल्योक.’’ मीही हसले. आत जाऊन ब्लाऊज घालून बघितला, तर हात कोपराच्या वर जाईना. मला अजूनच हसू आलं. म्हटलं, ह्या माणसाच्या डोक्यात मी अजून लग्नातल्या मापाचीच आहे.

मग मी तो उलटा केला. शिवणारी बाई कुठलाही कपडा आधी उलटा करून बघते, ती सवय. बगलेत पावडरीचा वास होता. उजव्या बाहीची शिवण एकदा उसवून पुन्हा घातलेली होती. मानेजवळ वेणीच्या तेलाचा डाग होता आणि खालचा हूक तुटलेला होता. हा कपडा कुणीतरी घातलेला होता, तोही पुष्कळदा. अंगानं बारीक, हातांनी सतत कष्टाचं काम करणारी, केस लांब असलेली बाई माझ्या हातात होती.

पुढे कळलं ते असं, की आमच्या ह्यांनी कसल्याशा सेलमध्ये सारख्याच दोन साड्या घेतल्या होत्या. एक तिची, एक माझी. काटकसरी माणूस! ब्लाऊजचा तुटलेला हूक लावून आणायला म्हणून तिनं आपली साडीसकट पिशवी त्यांच्याकडे दिली होती आणि माझी कोरी साडी तसल्याच पिशवीत शेजारी ठेवली होती. काका गाडी गाठायच्या घाईत आले तेव्हा हे भट्टीपुढून उठू शकत नव्हते. ‘‘ती खुंटीवरची पिशवी घ्या,’’ एवढंच ओरडून सांगितलं. खुंटीवर दोन होत्या.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मी फोन लावला आणि एकच विचारलं, ‘‘आवं, साडी पोचली. ब्लाऊज कुनाचा?’’

पलीकडे भट्टीचा पंखा घरघरत होता. त्यातूनच हे म्हणाले, ‘‘जत्रंला येतो, तवा बोलू.’’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ज्याला काही लपवायचं नसतं तो ‘कसला ब्लाऊज?’ असं विचारतो.

मी काकांना चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं. ते म्हणाले, ‘‘मला काय ठावं? दिली ती आनली.’’ आणि चहा अर्धा टाकून उठले. चहा अर्धा टाकणारा माणूस तो नव्हे. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथल्या गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्या पोरींचे फ्रॉक मी शिवत होते, ज्यांच्या आजारी आयांना मी विट्याला दवाखान्यात नेत होते, ते सगळे झाकली मूठ धरून बसले होते. खरं सांगते, नवऱ्यानं फसवलं त्याच्याइतकंच मला हेही लागलं. फौजेतल्या भावाला फोन केला तर तो तिकडून गरजला, ‘‘आक्का, सुट्टी टाकू का? तंगड्याच मोडतो त्येच्या.’’ मी म्हटलं, ‘‘मोडून काय करू? मग त्यांचं हागणं-मुतणं मलाच काढायला लागंल.’’ तो हसला आणि मी रडले.

साडी मी धुऊन, इस्त्री करून काकांच्या हातात परत दिली. ब्लाऊजचा हूकही लावून दिला, अर्धवट काम माझ्या हातून बाहेर जात नाही. म्हटलं, ‘‘जिची हाय तिला द्या. ती काय उघडी फिरल व्हय माझ्यापायी?’’

नेमकं त्याच वर्षी जत्रेतल्या अभिषेकाचा मान आमच्याकडे होता. दिवाळीत चिठ्ठ्या टाकून एक जोडपं निवडतात. जत्रेच्या सकाळी त्या जोडप्यानं गाभाऱ्यासमोर पाटावर बसायचं. बायकोच्या पदराची नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ मारायची, त्याच्या हाताला तिनं हात लावायचा आणि देवावर धार धरायची. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर आमच्या दोघांचे फोटो आणि खाली ‘सपत्नीक’ असा जाड शब्द. मी दूध आणायला जाता-येता त्या शब्दाखालून जात होते.

ज्याला बायको नाही, त्यानं बसायचं झालं तर कमरेला सुपारी लावून बसतात. सुपारी म्हणजे बायको. आमच्या गावात अशी सुपारी फक्त विधुरानं लावलेली मी बघितली होती. बायको हयात असून आली नाही, तर मात्र एक सोपी सबब असते. ती ‘बाहेरची झाली’ म्हणायचं. पाळीच्या बाईला कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

हे जत्रेच्या दोन-तीन दिवस आधी आले. लेक शेजारी गेलेली बघून मशीनच्या खोलीत आले आणि खाली जमिनीवर बसले. बोलायला तोंड उघडलं ते असं, ‘‘चुकलं माझं.’’ ती बाई गलाईवाल्यांना डबे करून द्यायची. नवरा वारलेला. आजारपणात तिनं ह्यांना पेज करून दिली, तिथून सुरू झालं. ‘‘आता काय न्हाई. सोडलं मी समदं,’’ ते म्हणाले.

‘‘सोडलं, का घावलं म्हनून सुटलं?’’

त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला. त्या आठवड्यात मनातल्या मनात मी त्यांना एकेरीवर आणलं होतं.

मग ते म्हणाले, ‘‘एवढी जत्रा पार पडू दे. गावाम्होरं बस माझ्यासंगं. मग तू म्हनशील तसं.’’

तोवर मला नुसतं दुःख होतं. हे ऐकल्यावर मात्र अंगाची लाही लाही झाली. ह्या माणसाला माझं काय होईल याची काळजी नव्हती, फ्लेक्सचं काय होईल याची होती. मी म्हटलं, ‘‘मी बसायची न्हाई.’’

‘‘लोकांस्नी काय सांगू?’’

‘‘खरं सांगा.’’

ते उठून बाहेर गेले.

आत्याबाई दाराआड उभ्या होत्या, हे मला त्यांच्या खोकल्यानं कळलं. मला वाटलं, आता लेकाची बाजू घेतील. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात मेथी निवडताना त्यांनीच विषय काढला. नजर मेथीवरच होती.

‘‘तुजं सासरं बी तकडंच हुतं. मला बी ठावं हुतं समदं. आमचा मान आला तवा मी बसले. गाठ मारली, हाताला हात लावला. देव म्हनला आसंल, लय गुनाची बाई हाय. त्या दिसापास्नं त्येनला वाटलं, मिटलं. माजं मिटलं न्हवतं, पोरी. त्येंचं डोळं मिटलं तरी माजं न्हाई मिटलं.’’

जुडी संपली. त्यांनी काड्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, ‘‘तू बसू नगंस.’’

एवढ्या वर्षांत त्या बाईनं मला कधी जवळ घेतलं नव्हतं आणि तेव्हाही घेतलं नाही. पण मला पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं.

मी मनाशी एक ठरवलं. जत्रेच्या दिवशी हे एकटेच देवळात जातील. तिथे विचारतील, बायको कुठाय? तेव्हा त्यांनी खोटं सांगितलं, तर मी दुपारच्या एसटीनं लेकीला घेऊन फलटणला जायचं आणि परत यायचं नाही. चुकलेल्या माणसाबरोबर कदाचित राहता येईल. पण अडचण आली की पुन्हा खोटंच बोलणाऱ्याबरोबर मला राहता येणार नव्हतं, कारण मग जन्मभर मी त्याचे कपडे उलटे करून बघत बसणार. पिशवी भरून ठेवली. कुणाला बोलले नाही.

सकाळी हे धोतर नेसून एकटे गेले. थोड्या वेळानं मी आणि आत्याबाई मागनं गेलो. मी डोक्यावरून पदर घेतला आणि बायकांच्या घोळक्यात पार मागे खांबाला टेकून उभी राहिले. देऊळ गच्च भरलं होतं. पुढे गलाईवाल्यांची रांग, पांढरे शर्ट, गळ्यात सोन्याच्या चेनी. ह्यांना मी दिसत नव्हते आणि मी आलेय हे त्यांना माहीतही नव्हतं.

दोन पाट मांडले होते. हे एकावर बसले. गुरवानं इकडंतिकडं बघितलं. आमच्या गुरवाला हल्ली गळ्यात माइक अडकवायची हौस, त्यामुळे देवळात खोकला तरी शिवारात ऐकू जातं.

‘‘शेठ, मालकीनबाई?’’

‘‘न्हाई आली.’’

गुरव बिचारा भला माणूस. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, पण माइकला काय कळतंय. ‘‘बाहेरच्या झाल्या काय?’’

सबब आयती ताटात वाढून आली होती. नुसती मान हलवायची होती. रांगेतून त्याच काकांनी तर ह्यांच्या वतीनं सांगूनही टाकलं, ‘‘व्हय व्हय, तसंच आसंल. चला, उरका.’’

त्या क्षणी मला कळलं, की मला एसटीनं जायचं नव्हतं. मनापासून नव्हतं. पण ते आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, हलवली. मग ती वर आली. म्हणाले, ‘‘न्हाई वो. तसलं काय न्हाई. ती धडधाकट हाय. मी तिच्याशी चुकीचं वागलो. म्हनून ती बसायची न्हाई म्हनली, आन ती बरोबर हाय. सुपारी लावा मला.’’

हे सगळं भोंग्यावरनं गेलं. देवळाच्या आत, बाहेर पाळण्यांपाशी, पार ओढ्यापल्याडच्या द्राक्षबागेपर्यंत. बाहेर वाजत होती ती हलगी थांबली. पांढऱ्या शर्टांची रांग एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. गुरवाला सुपारी सापडेना, कारण जोडपं बसणार म्हणून त्यानं ती काढूनच ठेवली नव्हती. तेव्हा आत्याबाई घोळक्यातून पुढे गेल्या. कनवटीच्या बटव्यातली स्वतःच्या खायची सुपारी काढली आणि लेकाच्या हातात ठेवली. ह्यांनी ती कमरेला खोचली. एकट्यानं धार धरली.

मी रडत होते. आजूबाजूच्या बायकांनी मला ओळखलं होतं, पण एकीनंही काही विचारलं नाही. एकीनं फक्त सरकून मला खांबापाशी नीट जागा करून दिली.

घरी आले. माफ केलं असं मुळीच नाही, राग होता तेवढाच होता. पिशवी भरलेलीच ठेवली. फक्त त्या दिवशीची एसटी सोडली.

नंतर गावात काय काय झालं ते सांगत बसले तर पुरणार नाही. गलाईवाले ह्यांच्यावर चिडले, की ह्यानं आमची पंचाईत करून ठेवली. कारण त्या जत्रेनंतर कितीतरी घरांत बायकांनी नवऱ्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि दोघीतिघी तर नवऱ्याबरोबर त्या त्या शहरात राहायलाच गेल्या. माझ्याकडे ब्लाऊजच्या निमित्तानं बायका यायच्या, माप देता देता डोळे पुसायच्या. एका शिकलेल्या बाईनं मला समजावलं, की सोनं आगीत तावून सुलाखूनच उजळतं. मी म्हटलं, ताई, तुम्ही कधी भट्टीजवळ बसलाय का? आधी खोकला होतो.

ह्यांनी कोइमतूरचं दुकान चुलतभावाला चालवायला दिलं आणि सांगलीत सराफकट्ट्याच्या एका बोळात छोटी भट्टी टाकली. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी परत. आत्याबाईंच्या खोलीत झोपायचे. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहूनच. मी काय कमी केलं? फोन तपासला, शर्ट हुंगले, सांगलीच्या एसटीला उशीर झाला तर स्टँडवर चौकशी केली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मी तर पाणीसुद्धा फुंकत होते. ते फोन माझ्यापुढे ठेवायचे आणि बाहेर जाऊन म्हशीला वैरण घालायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की आता पुरे. त्यांनी तसं म्हटलं असतं, तर माझं पुरं झालंच नसतं.

संशय हे फार कष्टाचं काम आहे. मजुरी नाही, सुट्टी नाही. रात्र रात्र डोळा लागायचा नाही आणि दिवसा कापड वाकडं कापलं जायचं. एक दिवस मला वाटलं, फसवलं त्यांनी आणि शिक्षा भोगतेय मी. हळूहळू शर्ट हुंगणं सुटलं. मग कधीतरी ते पुन्हा आमच्या खोलीत आले. एवढं होऊनही माझ्या मनातल्या एका कोपऱ्यातला संशयाचा दिवा काही मालवायचा नाही. माझा परत विश्वास बसेल का, हे मला स्वतःला सांगता येत नव्हतं आणि त्यांना विचारायची हिंमत होत नव्हती.

यंदा कोइमतूरच्या दुकानाचा जागेचा करार संपला. चुलतभावाच्या नावावर सगळं करून द्यायला ह्यांना जाणं भाग होतं. त्यांनी जेवताना खाली मान घालून विचारलं, ‘‘जाऊ का? तू न्हाई म्हनलीस तर दुसरी कायतर वाट काढतो.’’ मी म्हटलं, ‘‘जावा.’’ मी म्हटलं खरं, पण ताट तसंच सरकवून उठले.

तिथून ते रोज संध्याकाळी फोन करायचे. मी मागितलं नव्हतं. व्हिडिओवर खोली दाखवायचे, चुलतभाऊ दाखवायचे, ताटात काय आहे ते दाखवायचे. मी ‘बरं बरं’ म्हणायचे, पण फोन वाजेपर्यंत माझं मशीनवर लक्ष नसायचं. सुई बोटात जायची.

मग लग्नसराई अंगावर आली. साताऱ्याला कॉलेजला असलेली लेक सुट्टीला आली होती, ती काजं करायला बसायची. एका नवरीच्या घरचे सगळे ब्लाऊज आमच्याकडेच होते आणि त्या घरात कुणाचंच कुणाशी माप जुळत नव्हतं. एका सकाळी मी टाचण्या तोंडात धरून बाही जोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. लेकीनं तो माझ्या कानाला लावला.

‘‘आगं, ऐक आधी,’’ हे घाईघाईनं बोलत होते, घाबरल्यासारखे. ‘‘काल सांजच्याला लाइट गेली. फोन बंद पडला. हितं कुनाचाच चालत न्हवता. चुलतभावाला फोन दिऊ का? त्येला इचार. आमी दोघं बी दुकानातच हुतो, देवाशपत...’’

मी टाचण्या काढल्या. ‘‘काल काय हुतं?’’

‘‘काल मी फोन केला न्हाई,’’ ते म्हणाले.

मी आठवायला लागले. काल संध्याकाळी बाह्या कापल्या. लेकीशी भांडले, तिनं काजं मोठी केली म्हणून. आत्याबाईंना भाकरी कुस्करून दिली. मग अंथरुणाला पाठ टेकली, ती उजाडलंच.

‘‘तुला याद बी आली न्हाई?’’ त्यांनी विचारलं. बायकांना नवरे हे रागानं विचारतात. ह्यांचा आवाज फुटला होता.

‘‘न्हाई आली,’’ मी म्हणाले. ‘‘झोप लागली मला.’’